एका सुईचे बैल

जिवाणूचा राग धरणं शास्त्रीय वृत्तीत बसत नाही, असं आमचे एक प्राध्यापक सांगायचे. त्यांनी जिवाणू कायम तक्त्यावर पाहिले, राग येण्याइतकी ओळखच झाली नाही. मी मंचरला, कांदा-बटाट्याच्या बाजारामागे, जनावरांच्या रोगनिदानाच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीतली बरीचशी वर्षं काढली आणि ॲनाप्लाझ्मा नावाच्या एका जिवाणूचा मला मनापासून तिटकारा आहे. निवृत्तीनंतरही तो कमी झालेला नाही. ह्या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे सेवाकाळातले प्रेरणादायी प्रसंग मागितले आहेत. प्रेरणा माझ्याकडे शिल्लक नाही. तिटकारा आहे, तो पाठवते.

हा इसम गाईबैलांच्या तांबड्या रक्तपेशीत राहतो. बाकीचे जिवाणू मातीत वाढतात, दुधात वाढतात, प्रयोगशाळेतल्या बशीत खुशाल वस्ती करतात. ह्याला बशीत ठेवलं की हा मेला. कोणे एके काळी ह्याच्या पूर्वजांकडे स्वतंत्र संसाराला लागणारी सगळी जनुकं असणार. पण दुसऱ्याच्या पेशीत आयतं मिळायला लागल्यावर ह्यानं ती एकेक करून टाकून दिली. अंगाभोवती भक्कम भिंत बांधायची बरीचशी गेली, स्वतःचं अन्न तयार करायची बरीचशी गेली. उरलं ते घरजावयाला पुरेल एवढं. पण ह्या घरजावयाला एक विद्या येते, ती पुढं सांगेन.

ह्याचं वाहन म्हणजे गोचीड. गोचीड रक्त पिते, तिच्या पोटात हा वाढतो, मग तिच्या लाळेत उतरतो आणि ती दुसऱ्या जनावराला चिकटली की लाळेतून आत जातो. गोचिडीच्या अंड्यांतून मात्र हा पुढच्या पिढीत जात नाही. म्हणजे प्रत्येक नव्या गोचिडीला हा रक्तातूनच मिळावा लागतो. ते रक्त कुठून येतं, तेही सांगेन.

जनावर बऱ्याच आठवड्यांनी आजारी पडतं. ताप येतो, रवंथ थांबतो, शेण कोरडं पडतं. रोगट पेशी मोडण्याच्या नादात शरीर आपलंच रक्त मोडत बसतं, त्यामुळं डोळ्याची आतली कड आधी पांढरी पडते आणि मग हळदीसारखी पिवळी. लघवी मात्र लाल होत नाही. गोचिडीच्या दुसऱ्या एका रोगात ती लाल होते, आणि गावोगाव लोकांना तेवढंच लक्षण पाठ. लघवी लाल नाही म्हणजे गोचिडीचा रोग नाही, असा निकाल लावून ते मोकळे होतात आणि जनावर मरतं.

माझं काम अगदी साधं होतं. कानाच्या शिरेला टोचायचं, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरवायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. पेशीच्या काठाशी टाचणीच्या टोकानं दिल्यासारखा गडद ठिपका दिसला की सापडला. नवशिक्यांना रंगाचा कचराही तसाच दिसतो. मला तो फरक कळायचा, आणि त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एकानं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत गाईचं रक्त आणलं होतं, तळाशी औषध तसंच. म्हणे, “पाण्यानं इसळली व्हती, मॅडम.” एकानं आगपेटीत जिवंत गोचिडी आणल्या आणि टेबलावर सोडल्या. “ह्यातल्या इखारी कंच्या त्या सांगा, तेवड्याच काढतो.” नारायणगावकडच्या एका बागायतदारानं द्राक्षावर मारायचं औषध गाईच्या अंगावर फवारलं. गाय थरथरायला लागली तेव्हा धावत आला आणि मलाच विचारू लागला, “द्राक्ष माणसं खात्यात तरी चालतं, मग गाईला का नाय चालायचं?” आमचे वरिष्ठ साहेब तपासणीला आले की पँट मोज्यात खोचून गोठ्याबाहेरच्या पायरीवर उभे राहायचे आणि तिथून “स्वच्छतेकडे लक्ष द्या” असं सांगायचे. गाय काय लक्ष देणार.

आणि डोंगराकडचा पुरावा सगळ्यांच्या तोंडी. आंबेगावच्या पश्चिमेला, भातशेतीच्या पट्ट्यात, जनावरांच्या कानांत गोचिडींचे घोस लोंबत असतात आणि तरी ती ठणठणीत. “मंजी रोगच खोटा हाय, बाई.” मी घसा सुकेपर्यंत सांगायची, की तिथल्या वासराला हा रोग वासरूपणीच होऊन जातो. लहानपणी झाला तर हलका होतो, मोठेपणी झाला तर जिवावर बेततो. बरं झालेलं जनावर पुन्हा आजारी पडत नाही. पण हा त्याच्या रक्तात जन्मभर मुक्काम करतो, इतका थोडा, इतका गुपचूप, की ते जनावर धष्टपुष्ट दिसतं आणि दुसऱ्यांना रोग पुरवतं. लोक मान डोलवायचे. मान डोलवणं ह्याला आमच्या भागात ऐकणं म्हणतात, पटणं नव्हे.

आता बैलांकडे येते. जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गावच्या यात्रेला चढाच्या वाटेवर शर्यत असते, त्या वाटेला घाट म्हणतात. हलका गाडा, त्याला पुढं-मागं दोन जोड्या, आणि सगळ्यांच्या पुढं धावणारी घोडी. एका धावेला बारी म्हणायचं. बारीतले चार बैल एकाच मालकाचे असतातच असं नाही. चार गावचे चार मालक आपापले बैल जुळवतात, शब्द देतात, आणि हा शब्द सोयरिकीच्या शब्दापेक्षा जड मानतात. बैलाला अंडी, दूध, बदाम, रोज आंघोळ, रोज मालिश. घरातल्या सुनेला बाळंतपणात जे मिळालं नाही ते बैलाला वर्षभर. पुढं ह्या शर्यतींच्या कोर्टकचेऱ्या झाल्या, तो विषय वेगळा. मी सांगते आहे ती गोष्ट त्याच्या आधीची, दोन हजार सालाच्या आसपासची.

ह्या बैलांचा एक खासगी डॉक्टर होता, निवृत्ती. आधी तो माणसांच्या एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. डॉक्टर वारले, त्यांची काचेची सिरिंज ह्याच्याकडे राहिली, आणि तेवढ्या वारशावर हा बैलांचा डॉक्टर झाला. यात्रेआधी तो बैलांना ताकदीचं लाल इंजेक्शन द्यायचा. ते औषध निरुपद्रवी होतं, दिलं काय नि न दिलं काय. पण निवृत्तीनं त्याच्याभोवती शास्त्र उभं केलं होतं. बारीतल्या चारही बैलांना एकाच सुईनं टोचायचं, एकामागोमाग, मध्ये सुई धुवायची नाही. का, तर चौघांचं रक्त एक होतं आणि चौघं एका चालीनं पळतात. ह्याला तो ‘एका सुईची बारी’ म्हणायचा. सुईचा पहिला मान सगळ्यात जुन्या, नावाजलेल्या बैलाला. हलगी वाजायची, गुलाल उडायचा. पदवीधर, गाडी-बंगलेवाले बागायतदार तिथं हात जोडून उभे राहायचे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली.

एका फाल्गुनात ओतूरकडचा किसन नावाचा तरुण शेतकरी टेम्पोतून बैल घेऊन आला. बैलाचं नाव राजा. “बाई, ह्यो उतरंना,” एवढंच म्हणाला. मी टेम्पोत चढले. डोळ्याची कड पिवळीजर्द, श्वास भात्यासारखा. कानातून रक्त घेतलं तर पाणचट. पट्टी रंगवून मायक्रोस्कोपखाली धरेपर्यंत राजा टेम्पोतच गेला. पट्टीवर जिकडेतिकडे ठिपके होते. किसन टेम्पोच्या मागच्या फळीला धरून उभा होता. “धाकल्या भावागत व्हता,” तो म्हणाला.

आठवड्याभरात नारायणगावजवळच्या एका गावातून दुसरा बैल, तोच रोग. तो उशिरा का होईना औषधाला लागला आणि वाचला. मग ओतूरच्या अलीकडचे सोपानराव फोनवर आले. द्राक्षबागायतदार, भारदस्त माणूस, यात्रा समितीत ह्यांचा शब्द चालायचा. “आमच्या पाखऱ्याला बारीक कणकण हाय. येऊन जावा.” मी जीप काढून गेले.

पाखऱ्या पांढराशुभ्र, शिंगं कमानदार, कातडं असं की हात ठेवला तर घसरावा. त्याची सगळी उस्तवार सोपानरावांची बायको, पार्वताबाई, करायची. धुणं, वैरण, मालिश, सगळं. सोपानराव फक्त यात्रेत त्याची वेसण धरायचे आणि फोटोत यायचे. मी कानाच्या मागं, शेपटीखाली, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत, सगळीकडे बोटं फिरवली. एक गोचीड नाही.

“गोचीड?” पार्वताबाईंना राग आला. “बाई, माझ्या डोस्क्यात ऊ घावंल एक येळ. पाखऱ्याच्या अंगावर गोचीड न्हाई घावायची.”

त्या खरं बोलत होत्या. पट्टी रंगवली तर ठिपके होतेच. आता सांगा, गोचिडीचा रोग, आणि बैलाच्या अंगावर गोचीड नाही. तीन बैल, तीन गावं, तीन गोठे, पाण्याचे हौदसुद्धा वेगळे. मी सोपानरावांच्या ओसरीवर चहा घेत बसले आणि विचारलं, हे तीन बैल कधी एकत्र आले होते का.

“एकत्र मंजी? एकाच बारीतले हायेत ते. माघातल्या जत्रंला पळाले.”

“चौथा कोणाचा?”

“डोंगरच्या पाव्हण्याचा. डिंभ्याच्या वरल्या अंगाचा. म्हातारा हाय पर लई खानदानी. सुईचा पयला मान त्याचाच व्हता.”

मी कप खाली ठेवला. डोंगरचा बैल, म्हणजे वासरूपणीच रोग होऊन गेलेला. पहिली सुई त्याला. त्याच्या रक्तानं माखलेली सुई तशीच राजाला, तशीच दुसऱ्याला, तशीच पाखऱ्याला. गोचिडीला जे करायला तिच्या पोटात नि लाळेत कितीतरी दिवस लागतात ते निवृत्तीनं हलगीच्या तालावर घटकाभरात उरकलं होतं.

मी डोंगरात जाऊन त्या म्हाताऱ्या बैलाचं रक्त आणलं. बरं झालेल्या जनावराच्या रक्तात हा सापडणं फार अवघड. एक अख्खी दुपार मी मान वर केली नाही. शेवटी पट्टीच्या कडेला एका पेशीत एक ठिपका दिसला. त्याच सुमारास एक संशोधक साहेब शहरातून आले होते, जनुकांवर काम करणारे. त्यांच्याकडे नवं तंत्र होतं, रक्तातला ह्याचा अंशही ओळखणारं. सगळी हकीकत ऐकून ते “वा, वा, सुंदर केस आहे” म्हणाले. किसनचा बैल मेला होता आणि ह्यांना केस सुंदर वाटत होती. उरलेल्या तिन्ही बैलांच्या रक्ताच्या कुप्या बर्फात घालून घेऊन गेले, निष्कर्ष कळवतो म्हणाले. मी अजून वाट पाहते आहे. पण एक उपकार त्यांनी केला. चहा पिता पिता ह्याची ती विद्या मला नीट समजावून सांगितली.

विद्या अशी. ह्याच्या अंगावर एका प्रथिनाचा अंगरखा असतो. जनावराचं शरीर तो अंगरखा ओळखायला शिकतं आणि ह्याला मारतं. हा अंगरखा शिवणारं चालू जनुक ह्याच्याकडे एकच. पण बाकी ठिकाणी त्याच जनुकाच्या काही तुटक्या, निकामी प्रती पडलेल्या असतात. हा त्यातला एखादा तुकडा उचलतो आणि चालू जनुकात त्याची नक्कल चिकटवतो. झाला नवा अंगरखा. शरीर तो ओळखेपर्यंत ह्यानं दुसरा तुकडा बसवलेला असतो, मग दोन तुकड्यांची जोडाजोड. मंचरच्या बाजारातला खिसेकापू चोरीच्या दोन-चार सदऱ्यांतली एकाची बाही आणि दुसऱ्याची कॉलर लावून रोज नवा माणूस दिसायला लागला तर हवालदार काय करेल, तसं. घर चालवायची जनुकं टाकून दिली आणि वेशांतराची चिंधी न् चिंधी जपून ठेवली. त्यावरून स्वभाव कळतो.

निवृत्तीला मी प्रयोगशाळेत बोलावलं. तो आला, खुर्चीवर बसला, मायक्रोस्कोपात डोळा लावून म्हणाला, “बाई, गोचिडीचा रोग म्हणताय आन गोचीड कुटंय? ती दाखवा. ठिपकं तर माज्या पोरीच्या वहीत बी हायेत.”

“सुईनं नेला तो. गोचिडीचं काम तुझ्या सुईनं केलं.”

“माज्या सुईला पाय हायेत व्हय?” असं म्हणून तो हसत गेला. सही करायला शिकलेल्या माणसाशी वाद घालता येतो. स्वतःचं शास्त्र काढलेल्या माणसाशी नाही.

पाखऱ्याला मी औषध चालू केलं. लवकर सापडला होता, दोन-तीन दिवसांत ताप उतरला, वैरणीला तोंड लावायला लागला. खरा धोका इथंच होता. ताप उतरला तरी मोडलेलं रक्त भरून यायला कितीतरी आठवडे लागतात. डोळ्याची कड अजून पांढरी होती. अशा जनावराला नुसतं गोठ्याबाहेर तरातरा चालवलं तरी ते कोसळू शकतं. आणि चैत्रातली गावची यात्रा तोंडावर आलेली.

“सोपानराव, पाखऱ्या ह्या यात्रेत पळायचा नाही. पळवलात तर घाटातच जाईल.”

“त्यो खातुया, पितुया, डिरकतुया. काय झालंय त्याला?”

“रक्त नाही त्याच्या अंगात.”

“रगात न्हाई तर त्यो उभा कसा हाय?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, मी शब्द दिलाय. घरच्या जत्रंत माजाच बैल न्हाई मंजी काय? उद्या लोक म्हंतील, बाईमाणसाचं ऐकून सोपान्या घरात बसला.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. सोपानरावांनी पुन्हा मान डोलवली. पार्वताबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी जीपकडे निघाले तेव्हा मागं आल्या आणि एकच विचारलं, “खरंच मरंल?”

“खरंच मरेल.”

“बरं,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

यात्रेच्या दिवशी मी घाटावर गेले. त्या काळात बायका तिथं जात नसत. माझ्याकडे बघायला बैलांपेक्षा जास्त माणसं वळली. मला वाटलं होतं शेवटचा प्रयत्न म्हणून आडवी तरी पडीन. तेवढ्यात पाखऱ्या आला, झूल पांघरलेला, शिंगांना बेगड. झूल काढली आणि पुढची माणसं वाकून बघायला लागली. पाखऱ्याचं पोट दोन्ही अंगांनी पखवाजासारखं फुगलेलं. पळायच्या बैलाला आदल्या दिवसापासून पोटाला कमी देतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. भरल्या पोटाचा बैल पळत नाही, पळवणारा मूर्ख ठरतो. पाखऱ्यानं सगळ्यांसमक्ष भलामोठा ढेकर दिला आणि खाली बसून निवांत रवंथ करायला लागला.

पार्वताबाईंनी पहाटेपासून त्याला ओला चारा, पेंड, गूळ घातलेलं पाणी, काय काय चारलं होतं. आपल्या तोंडानं वैरण खाणाऱ्या बैलाला ती बाई हातानं भरवत बसली होती. सोपानराव लालबुंद झाले. बायको गर्दीच्या मागं, घाटाबाहेरच्या मंदिराच्या ओट्यावर बायकांत उभी होती. तिथूनच तिला ओरडून विचारलं, “काय घातलंस त्याला?”

“भुकेजला व्हता,” त्या म्हणाल्या. “भुकेल्या जित्राबाला काय उपाशी ठिवू?”

लोक हसले. बारीत ऐनवेळी दुसराच बैल घातला गेला आणि ती बारी हरली. सोपानराव कितीतरी दिवस बायकोशी बोलले नाहीत. “बायकुनं नाक कापलं माजं” असं गावभर सांगत होते, म्हणजे गावाशी बोलत होते. पाखऱ्या गोठ्यात बसून रक्त भरत होता. मला तो आनंद अजून आठवतो. नोकरीत मला कोणी शाल-श्रीफळ दिलं नाही, पण पाखऱ्याच्या ढेकरापुढं ते मला नको होतं.

इथं थांबले तर संपादकांना हवी तशी प्रेरणा होईल. पण पाखऱ्या वाचला म्हणजे काय झालं? तो बरा झाला, आणि बरं झालेल्या जनावराच्या रक्तात हा जन्मभर राहतो. आता तो डोंगरच्या म्हाताऱ्या बैलाच्या जागी आला होता.

पुढच्या हंगामात पाखऱ्या असा पळाला की तालुक्यात त्याचं नाव झालं. सोपानरावांनी सत्कारात भाषण केलं. देवाचे आभार मानले, यात्रा समितीचे मानले, निवृत्तीच्या ताकदीच्या इंजेक्शनचे मानले. मी मागच्या रांगेत होते आणि पार्वताबाई मांडवामागं स्वयंपाकात. आमची दोघींची नावं त्यांना आठवली नाहीत.

त्यानंतर एका बाजारच्या दिवशी पार्वताबाई मंचरला माझ्याकडे आल्या. पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या, म्हणजे घरी बाजाराला म्हणून सांगून निघाल्या होत्या. “बाई, तुमी म्हनला व्हता, त्याच्या अंगात त्यो किडा ऱ्हातो म्हून. जलमभर.”

“राहतो.”

“मग आवंदा सुईचा पयला मान पाखऱ्याला दिलाय. त्याच्या मागनं किसनचा नवा बैल हाय. त्यानं बिचाऱ्यानं आत्ता कुटं घेतलाय. त्याचा एक गेला, आता ह्यो बी...”

सगळ्या तालुक्यात मी भाषणं दिली, तक्ते लावले, आणि समजलं ते ह्या एकट्या बाईला, कारण तिला किसनच्या गोठ्याची काळजी होती.

मी सोपानरावांच्या ओसरीवर गेले. यात्रा समिती बसलेली, निवृत्ती मधोमध. ह्या वेळी मी जिवाणूचं नावही काढलं नाही. रक्त, पेशी, अंगरखा, काही नाही. मी विचारलं, “तुमच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणा आधी बोलतो की शेवटी?”

“शेवटी,” सोपानराव म्हणाले. “आदी किरकोळ.”

“मग एवढा नावाजलेला बैल, त्याला किरकोळात का घालता? सुईचा मान पाखऱ्याचा असेल तर शेवटचा द्या.”

असं काही त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. निवृत्तीनं तोंड उघडलं, पण सोपानरावांचा चेहरा बघून मिटलं. एका सुईचे चार बैल तेच राहणार होते, नुसता क्रम उलटा होणार होता, त्यामुळं त्याच्या शास्त्रालाही धक्का नव्हता. नवखे बैल आधी, मग जुने, आणि शेवटचा मान पाखऱ्याला, असं ठरलं. मी विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई, आणि माझ्या हातून रोगनियंत्रणाचं झालेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एका बैलाला रांगेत पुढून मागं नेणं. जीपमध्ये बसले तेव्हा मला हसू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

किसनचा नवा बैल वाचला. पण गंमत पुढं झाली. शेवटी म्हणजे मोठा, हे एकदा कळल्यावर सगळ्यांनाच शेवट हवासा झाला. नारायणगावकडचा तो वाचलेला बैल, त्याचा मालक म्हणाला आमचा काय कमी आहे. किसन म्हणाला माझ्या बैलानं मागची जत्रा मारली. एका यात्रेत ह्यावरून दोन मालकांनी एकमेकांची गचांडी धरली आणि निवृत्तीच्या हातातली ती वारसाहक्काची काचेची सिरिंज खाली पडून फुटली. समितीनं मग निवाडा केला. ज्याची त्यानं सुई आणायची, ज्याची त्याला टोचायची, पहिला-शेवटचा मान बंद. निवृत्तीनं लगेच नवं शास्त्र काढलं, की परक्या सुईनं बैलाचा जोर उतरतो. तो ते इतक्या ठासून सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हे तो वीस पिढ्यांपासून सांगतो आहे.

रोगामुळं नाही, किसनचा राजा मेला म्हणून नाही, माझ्या सांगण्यावरून तर नाहीच नाही. हेव्यापायी त्यांनी सुया वेगळ्या केल्या. केल्या हे खरं.

बरीच वर्षं झाल्यावर पाखऱ्या म्हातारपणानं गेला. पार्वताबाईंनी निरोप पाठवला तसा मी गेले. सोपानरावांनी द्राक्षबागेच्या कडेला खड्डा घेतला होता. बैलाला हळद-कुंकू लावलं होतं, अंगावर शालू टाकला होता. सोपानराव लहान मुलासारखे रडत होते, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल काही वाकडं मनात आलं नाही. किसनही आला होता. त्याचा बैल बांधावर बांधला होता, तुकतुकीत, मान हलवत.

“बाई,” पार्वताबाई हळूच म्हणाल्या, “त्यो किडा अजून असंल का त्याच्यात?”

“असेल. शेवटपर्यंत होता.”

“मंग आता?”

“आता त्याला जायला जागा नाही. ह्याच्या अंगावर तुम्ही गोचीड ठेवली नाही, आणि सुई त्याची त्याला होती.”

जन्मभर अंगरखे बदलत, चिंध्या जोडत तो त्या रक्तात दडून बसला होता, आणि शरीरानं त्याला कधीच पकडलं नव्हतं. पार्वताबाई वाकल्या, मुठीत माती घेतली आणि माझ्या हातात दिली.

“तुमी बी घाला,” म्हणाल्या. “निम्मी त्या किड्यावर घाला.”

मी घातली. पाखऱ्यावर हलक्या हातानं, आणि दुसऱ्यावर चांगली जोरात.